साहेब, तोंडी नको, लेखी द्या: कोकणातल्या कार्यालयप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सर्व सरकारी व निमसरकारी कार्यालयांचे प्रमुख

सविनय नमस्कार.

मी 1981 साली रत्नागिरी जिल्ह्यात एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची परिचारिका, म्हणून रुजू झाले आणि 2016 साली आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. या 35 वर्षांत खाडीकाठच्या आणि डोंगरावरच्या कितीतरी वाड्यांमध्ये लशीचा डबा खांद्याला लावून फिरले. तुमच्यातल्या काहींना लहानपणी मीच सुई टोचली असेल. त्या नात्याने लिहिते आहे, डोक्याला रुमाल बांधते म्हणून तोंडी आदेशावर खिडकीवरून उठवलेल्या एका लिपिक मुलीबद्दल. राग आला तरी पत्र शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती.

जुलै 1999 मधली एक रात्र. पाऊस थांबायला तयार नव्हता, साकवावरून पाणी वाहत होतं आणि तालुक्याहून गाडी येणं शक्य नव्हतं. बाळंतपण उपकेंद्रातच करावं लागलं. कंदिलाच्या उजेडात बाळ आलं ते मानेभोवती नाळेचा वेढा घेऊन. रडायला तिने बराच वेळ घेतला. तो वेळ किती होता ते मला आजही सांगता येणार नाही, पण माझ्या हातांना आठवतो. मुलगी झाली. उपकेंद्राच्या प्रसूती नोंदवहीत तिच्या जन्माची ओळ माझ्या हस्ताक्षरात आहे.

ती मुलगी शिकली, बीकॉम झाली, टायपिंगच्या परीक्षा दिल्या, सरळसेवा भरतीच्या यादीत स्वतःच्या गुणांवर आली आणि जिल्ह्यातल्या एका कार्यालयात लिपिक म्हणून रुजू झाली. त्या कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही. एक तर तिचा परिवीक्षा काळ चालू आहे. दुसरं असं की जे तिच्या वाट्याला आलं ते एकाच कार्यालयापुरतं असतं, तर मी साहेबांना भेटून बोलले असते, हे पत्र लिहिलं नसतं.

तिला अर्ज स्वीकारण्याच्या खिडकीवर बसवलं होतं. ती डोक्याला रुमाल बांधते. चेहरा पूर्ण उघडा, केस झाकलेले. तीन आठवडे काम सुरळीत चाललं. मग एका दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "कामाबद्दल तक्रार नाही. पण हे सरकारी ऑफिस आहे, इथे धर्म घरी ठेवून यायचं. खिडकीवर बसायचं तर रुमाल काढ, नाहीतर आत रेकॉर्डला जा." ती आत गेली. आदेश नाही, टिपणी नाही, कारण नाही. वाळवी लागलेल्या गठ्ठ्यांमध्ये तिची खुर्ची ठेवली, आणि कागदोपत्री काहीच घडलं नाही.

आता त्या खिडकीवर जे भाऊ बसतात त्यांच्या कपाळाला गंध असतं आणि मनगटाला लाल दोरा. त्यांच्या डोक्यावर भिंतीला गणपतीची तसबीर आहे, तिला रोज ताजा हार असतो. सकाळी कार्यालय उघडलं की मोबाइलवर आरती लागते. यातल्या एकाही गोष्टीबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः रोज देवपूजा करून घराबाहेर पडणारी बाई आहे. पण धर्म घरी ठेवून यायचं असेल, तर तो फक्त त्या मुलीनेच का ठेवायचा? आपल्या अंगावरचं आपल्याला धर्माचं वाटतच नाही. ते आपल्याला नेहमीचं वाटतं.

हे मला कोणी शिकवलं ते आधी सांगते, कारण त्यात माझी चूक आहे आणि ती लपवून तुम्हाला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही.

1997 साली माझ्या हाताखाली एक तरुण एएनएम होती, खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातली. हात इतका हलका की वाडीतल्या बायका "रुमालवाल्या बाईंची सुई दुखत नाही" म्हणत तिच्यापुढे रांग लावायच्या आणि माझ्यापुढची रांग रिकामी राहायची. त्या वर्षी जिल्ह्याहून तपासणी येणार असा निरोप आला. आदल्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, "उद्या साहेब येतील. उद्याच्यापुरता रुमाल काढून ये." मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. माझ्याच मनाने मी ठरवलं होतं की साहेबांना ते बरं दिसणार नाही.

ती रुमाल न बांधता आली. दिवसभर तिचा हात डोक्याकडे जात होता. ज्या मुलीचा हात कधी थरथरला नाही, तिने त्या दिवशी एका तान्ह्या बाळाला दोनदा टोचलं. साहेब आले, त्यांनी शीतसाखळीची, म्हणजे लस थंड ठेवल्याच्या नोंदींची, वही पाहिली, थर्मामीटर पाहिला, चहा घेतला आणि गेले. तिच्याकडे त्यांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. संध्याकाळी डबे धुताना ती मला हळूच म्हणाली, "बाई, तुम्हाला कोणी एका दिवसापुरतं कुंकू पुसून या म्हटलं असतं तर?"

मराठी घरात वाढलेल्या कोणालाही हा प्रश्न कुठे जाऊन लागतो ते सांगायला नको. मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती रुमाल बांधून आली. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. मी तिची माफीही मागितली नाही. ती आता दुसऱ्या गावी असते. हे पत्र तिच्यापर्यंत पोहोचलं तर तिने ही माफी समजावी.

सात वर्षांनी माझे यजमान गेले. सुट्टी संपवून मी कामावर गेले ती कपाळाला छोटी टिकली लावून. मला तसंच जायचं होतं. कोणी काही बोललं नाही, पण ओपीडीच्या रांगेत, स्टाफरूममध्ये, बायकांची नजर आधी माझ्या कपाळावर जायची आणि मग डोळ्यांवर. एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी काळजीच्या सुरात सुचवलं की लोकांना ते बरं दिसत नाही. "लोकांना बरं दिसत नाही" हे शब्द ऐकले आणि मला ती 1997 ची संध्याकाळ आठवली. मी हेच शब्द मनातल्या मनात वापरले होते. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. बातमी वाचून मी रडले. माझ्या कपाळावर काय असावं हे लोकांच्या नजरेने ठरवू नये, एवढं एका गावाने कागदावर लिहिलं होतं.

आता कोणी म्हणेल, बाई, मग नियमच नकोत का? नियम हवेत. आरोग्य खात्यात नियमांशिवाय माणसं मरतात. प्रसूतिगृहात माझ्याइतकी कडक बाई तुम्हाला सापडली नसती. हातात बांगडी नाही, बोटात अंगठी नाही, मनगटाला दोरा नाही, कोपरापर्यंत साबणाने धुतलेले हात. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत, वर ॲप्रन. पदर खोचलेला, ओढणी असेल तर गाठ मारलेली, रुमाल असेल तर टोकं आत. निर्जंतुक केलेल्या ट्रेमध्ये पडलेले पदर मी जितके पाहिले तितका रुमाल एकदाही पडलेला पाहिला नाही, कारण रुमाल बांधलेला असतो आणि पदर सुटतो.

एकदा नुकतंच लग्न झालेली एक सिस्टर हातभर हिरवा चुडा घालून आली. चुडा उतरवणं अशुभ, सासूने बजावून पाठवलेलं. मी तिला लेबर रूमच्या दारात थांबवलं. ती रडवेली झाली. शेवटी बांगड्या एका दोऱ्यात ओवून तिच्याच कप्प्यात ठेवल्या, ड्यूटी संपली की ती पुन्हा घालून घरी जायची. कोणाचाही धर्म बुडाला नाही, कारण नियमाचं कारण सगळ्यांना दिसत होतं. ते कारण जंतूंचं होतं, आणि जंतूंना चुडा, कडं, तावीज यांतला फरक कळत नाही.

2023 मध्ये तिरुवनंतपुरमच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या काही विद्यार्थिनींनी शस्त्रक्रियागृहात लांब बाह्या आणि डोकं झाकणारी टोपी वापरू द्यावी अशी मागणी केली होती. डोक्याच्या टोपीबद्दल मला काहीच अडचण दिसत नाही. शस्त्रक्रियागृहात सगळ्यांनीच केस झाकायचे असतात, आणि पूर्ण झाकले तर चांगलंच. बाह्यांबद्दल मात्र मी, त्यात अडचण सांगणाऱ्या तिथल्या प्राचार्यांच्या बाजूने आहे. कोपराखालचा हात घासून धुतलाच पाहिजे. तरी ब्रिटनच्या आरोग्य सेवेने 2010 मध्ये, रुग्णाजवळ काम करताना, वापरून टाकून द्यायच्या बाह्यांचा मार्ग काढला होता, हेही मला इथे सांगावंसं वाटतं. म्हणजे काय, की खरंच कामाचा प्रश्न असेल तर माणसं बसून उपाय शोधतात. खिडकीवर अर्ज घेऊन त्यावर शिक्का मारताना डोक्यावरच्या कापडामुळे कुठलं काम अडतं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

चेहऱ्याचं विचाराल तर तो उघडा असावा, असं माझं मत आहे. कानाने कमी ऐकणारे म्हातारे ओठ पाहून समजून घेतात, आणि आपला अर्ज कोणी घेतला हे माणसाला ओळखता आलं पाहिजे. हे कारण कामातून येतं म्हणून मी ते मानते.

आणखी एक गोष्ट. लोक आम्हाला "सिस्टर" म्हणतात. मुसलमान बाईही म्हणते, भटजीही म्हणतात. हा शब्द ख्रिस्ती संन्यासिनींकडून आला. रुग्णसेवा त्या करत, आणि नर्सच्या डोक्यावरची ती कडक पांढरी टोपी त्यांच्या डोक्यावरच्या वस्त्राचंच उरलेलं रूप होती. मी नोकरीला लागले तेव्हा ती टोपी घातली नाही तर मेट्रन ओरडायची. डोकं झाकलं नाही म्हणून बोलणी खाल्लेल्या पिढीतली मी आहे. झाकलं म्हणून आत पाठवलेली मुलगी बघायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

कायद्याचं मला जेवढं समजतं तेवढंच लिहिते. संविधानाचा 16 वा अनुच्छेद सांगतो की केवळ धर्माच्या कारणावरून सरकारी नोकरीत कोणाशी भेदभाव करता येणार नाही. 25 वा अनुच्छेद धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य देतो, आणि ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवतो. "आरोग्य" हा शब्द तिथेच आहे, माझा लेबर रूमचा नियम त्यातच बसतो. त्याच अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात शीख माणसाच्या कृपाणाचा उल्लेख आहे. मोटार वाहन कायद्याच्या 129 व्या कलमात पगडी बांधणाऱ्या शिखाला हेल्मेटमधून सूट आहे. म्हणजे आपल्या राज्यकर्त्यांनी डोक्यावरच्या वस्त्राचा विचार केलेला आहे, आणि तो करताना कोणाला रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं नाही.

माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारे निकालही आहेत, ते दडवणार नाही. हवाई दलातल्या एका जवानाने दाढी ठेवण्याची परवानगी मागितली होती. 15 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरोधात निकाल दिला. सशस्त्र दलात एकसारखेपणा आणि शिस्त हे कामाचाच भाग आहेत, असं त्यामागचं म्हणणं होतं. मला ते पटो न पटो, ते कारण सैन्याचं आहे. सातबाराचा उतारा, जन्माचा दाखला, निराधार योजनेचा अर्ज यांना पलटणीची शिस्त लावता येणार नाही. आणि 1986 च्या एका निकालातलं वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे. केरळातल्या तीन शाळकरी भावंडांनी राष्ट्रगीताच्या वेळी उभं राहूनही ते म्हटलं नव्हतं, म्हणून त्यांना शाळेतून काढलं होतं. त्यांना परत घ्यायला सांगताना न्यायालयाने लिहिलं की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान सहिष्णुतेचा उपदेश करतं, आपलं संविधान सहिष्णुता आचरतं, ती आपण पातळ करू नये.

"धर्म घरी ठेवून या" हे वाक्य आपलं नाही, ते बाहेरून आलेलं आहे, म्हणून बाहेर काय झालं तेही पाहू. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन शहरात 1967 साली एका शीख बसचालकाला पगडी आणि दाढीमुळे घरी पाठवलं. त्यावर जवळपास दोन वर्षं भांडण चाललं, मोर्चे निघाले, आणि 1969 च्या एप्रिलमध्ये बंदी उठली. पगडीने बसला उशीर झाला नव्हता. कॅनडात 1990 पासून तिथल्या राष्ट्रीय पोलीस दलात पगडी चालते. पण त्याच कॅनडाच्या क्युबेक प्रांताने जून 2019 मध्ये कायदा केला की सरकारी शाळेतले शिक्षक, पोलीस, सरकारी वकील यांनी कामावर धार्मिक चिन्ह वापरायचं नाही. 2021 च्या डिसेंबरात तिथल्या चेल्सी गावात तिसरीच्या वर्गाच्या शिक्षिकेला हिजाबमुळे वर्गातून काढून दुसरं काम दिलं. हे वाचताना मला आपली मुलगी आणि ते गठ्ठे दिसले.

क्युबेकचा कायदा मला पटत नाही. पण त्यांची एक गोष्ट मान्य करावी लागते. त्यांच्या विधानसभेत 1936 पासून भिंतीवर टांगलेला क्रूस त्यांनी 2019 च्या जुलैत उतरवला. दुसऱ्याचा रुमाल काढायला लावणाऱ्यांनी निदान स्वतःच्या भिंतीकडे पाहिलं. आपल्याकडे भिंत तशीच राहते आणि मुलगी हलते. मी तसबीर उतरवा म्हणत नाही. मला भिंतीवरचा गणपती हवा आहे, खिडकीतला गंधवाला भाऊ हवा आहे आणि शेजारच्या खिडकीत रुमालवाली मुलगीही हवी आहे. माझ्याबरोबर एक माळकरी आरोग्यसेवक होते. गोपीचंदन लावून, गळ्यात तुळशीची माळ घालून ते हिवतापाचे रक्तनमुने घेत मोहल्ल्यामोहल्ल्यातून हिंडले. काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेताना त्यांच्या माळेकडे कोणी बोट दाखवलं नाही. वेंगुर्ल्याकडची एक सिस्टर गळ्यात क्रूस घालायची, आणि आमचे एक औषधनिर्माते खिशाला बाबासाहेबांचा बिल्ला लावून यायचे. आमच्या केंद्रात सरकार असं दिसत होतं.

आणि हे कोकण आहे, साहेब. रायगडात, अलिबागच्या आसपासच्या गावांत, बेने इस्रायल लोक, म्हणजे कोकणातले ज्यू, पिढ्यान्पिढ्या तेलाचा घाणा चालवत. शनिवारी घाणा बंद, कारण तो त्यांचा शब्बाथ. गावाने त्यांना नाव दिलं "शनिवार तेली". शनिवारी तेल मिळत नाही म्हणून कोणी घाणा दुसऱ्याला दिला नाही, लोक शुक्रवारी तेल भरून ठेवत. हरवलेल्या काळाचं कौतुक म्हणून हे सांगत नाही, त्या काळात जातीची विहीर वेगळी होती हेही मला ठाऊक आहे. तरी धर्म पाळणाऱ्या माणसाला कामासकट सामावून घेण्याची रीत या किनाऱ्याला नवी नाही, एवढं त्यातून दिसतं.

विहिरीचं नाव निघालं, तर महाडला थांबायलाच हवं. या विषयावर माझ्याशी वाद घालणारे बरेच जण बाबासाहेबांचं उदाहरण देतात. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब जमलेल्या बायकांशी वेगळं बोलले. लुगडं नेसण्याची तुमची पद्धत, गळ्याहातातले ते दागिने, यावरून तुम्हाला लांबूनच ओळखतात. ती ओळख टाका, अशा अर्थाचं त्यांनी सांगितलं. बायकांनी ते मनावर घेतलं आणि लुगड्याची नेसण बदलली. माझे पुतणे मला म्हणतात, "काकू, बाबासाहेबांनी खुणा टाकायला सांगितल्या, तुम्ही खुणा ठेवा म्हणता."

मी यावर खूप विचार केला आहे. गुडघ्यापर्यंतचं लुगडं त्या बायकांनी हौसेने निवडलेलं नव्हतं. तुम्ही एवढंच नेसायचं, एवढेच दागिने घालायचे, हे त्यांच्यावर लादलेलं होतं, दुरून ओळखू यावं आणि दूर ठेवता यावं म्हणून. महाडला त्यांनी ते टाकलं, तो निर्णय त्यांचा होता, आणि त्यानंतर त्या पायघोळ लुगडं नेसून रस्त्याने चालल्या तेव्हा ज्यांना राग आला ते पूर्वीचेच आदेश देणारे होते. खिडकीवरच्या त्या मुलीला कोणी सांगितलं? तिच्या डोक्यावर काय असावं, ते काढ आणि बाहेर बस, नाहीतर ठेव आणि आत जा, असं कोण ठरवतंय? मला तरी महाडच्या बायका त्या केबिनमध्ये साहेबांच्या खुर्चीमागे उभ्या दिसत नाहीत.

घरच्या जबरदस्तीचा मुद्दाही खरा आहे. मी असं म्हणणार नाही की प्रत्येक रुमाल हौसेचाच असतो. माझ्या ओळखीत अशी एक मुलगी होती जिला सासऱ्यांच्या हट्टामुळे बांधावा लागे. तसं मंगळसूत्रही कितीजणी हौसेने घालतात आणि किती सासूच्या धाकाने, हे मला बायकांच्या तपासणीच्या टेबलावर बरंच कळलं आहे. पण सासऱ्यांच्या हट्टाने रुमाल बांधणाऱ्या त्या मुलीला घरात मान कशाने मिळाला? दर महिन्याच्या पगाराने. पाच वर्षांत तिने स्वतःच्या नावावर घर बांधलं, आणि मग काय नेसायचं ते घरात तिला कोणी सांगेनासं झालं. तिला पहिल्याच महिन्यात "रुमाल काढ नाहीतर ये नको" म्हटलं असतं, तर सासरे म्हणाले असते, बरं झालं, बस घरी. ज्या मुलीवर जबरदस्ती होते तिला सरकारी नोकरी ही बाहेरची वाट असते. आपणच ती बंद करायची आणि वर तिच्या मुक्तीची काळजी करायची, हे मला समजत नाही.

लोकांचंही सांगते, कारण साहेबांनी तिला "येणाऱ्या लोकांना काय वाटेल" असंही म्हटलं होतं. 9 डिसेंबर 1995 ला देशभर पहिला पल्स पोलिओ दिवस झाला. पुढे घरोघरी फेऱ्या सुरू झाल्या. लशीबद्दल नाही नाही त्या अफवा होत्या. काही मोहल्ल्यांत मला ओट्यावरच थांबवायचे, "बाळ झोपलंय, उद्या या." मग मी त्या रुमालवाल्या एएनएमला घेऊन गेले. घरच्या बायकांनी तिला माजघरापर्यंत नेलं, झोपलेलं बाळ उठवून तिच्या मांडीवर दिलं. तिनेच वरच्या वाड्यांमध्ये, जिथे एकही मुसलमान घर नाही तिथे, डोस पाजले आणि कोणी दार लावलं नाही, कारण तिथे तिचा हात आधीच ओळखीचा होता. 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं तेव्हा मी तिला फोन केला होता. लोकांना काय वाटतं ते मला विचारा, मी दारात उभी राहून पाहिलं आहे. लोकांना आपलं काम लवकर आणि नीट व्हायला हवं असतं, आणि समोरच्या खिडकीत कधीतरी आपल्यासारखंही कोणी दिसलं तर त्यांना धीर येतो.

म्हणून माझं मागणं साधं आहे. सरकारी कर्मचाऱ्याच्या अंगावरची कुठलीही धार्मिक वस्तू काढायला लावायची असेल, तर लेखी आदेश द्या आणि त्यात कामाचं कारण लिहा. केंद्र सरकारच्या 1964 च्या वर्तणूक नियमांतही वरिष्ठाचा आदेश शक्यतो लेखी असावा आणि तोंडी दिलाच तर मागाहून लेखी पक्का करावा असं म्हटलं आहे. लिहायला बसलात की कारण सुचतं की नाही ते तुमचं तुम्हालाच कळेल. आणि जे लिहाल ते गंध, माळ, दोरा, मंगळसूत्र, क्रूस, टोपी, रुमाल या सगळ्यांना एकाच मापाने लागू करा. तेवढी तयारी नसेल, तर तो आदेश देऊच नका. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांच्या पेहरावाचं परिपत्रक काढलं, तेव्हा सगळी चर्चा जीन्स आणि टी-शर्टवर झाली. तरी तो आदेश निदान कागदावर होता, त्यावर बोलता आलं, भांडता आलं. तोंडी आदेशावर कोणी कसं भांडायचं?

कर्मचारी संघटनांनाही सांगते, वेतनवाढ थांबली तर तुम्ही दारात बसता. एका लिपिक मुलीला खिडकीवरून उठवलं त्या दिवशी तुमच्यातलं कोणी विचारायला गेलं नाही. तेव्हा तिथे हजर असलेल्यांमध्ये तुमचे पदाधिकारी होते.

मागच्या रविवारी ती मुलगी मला भेटून गेली. तक्रार करायला आली नव्हती, आईने दिलेले सोलकढीचे आगळ घेऊन आली होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मावशी, आतलं काम झालंय. सगळे गठ्ठे सालवार लावले, वाळवीचे वेगळे काढले, यादी करून ठेवली. आता मी बसून असते. बाहेर रांग असते, आवाज येतो."

साहेब, तिला सोमवारी खिडकीवर बसवा.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सहायिका
जिल्हा रत्नागिरी